न केलेल्या कर्माचे फळ

केलेल्या कर्माला फळ असते याविषयी, चार्वाकांचा अपवाद सोडला तर, भारतीय दर्शनांत फारसा वाद नाही. वाद आहे तो न केलेल्या कर्माविषयी. जे करायला हवे होते ते केले नाही, तर त्या न करण्यातून काही उपजते का, आणि उपजत असेल तर नसण्यातून असणे निघते कसे, हा प्रश्न पूर्वमीमांसा आणि वेदान्त या दोन दर्शनांमध्ये दीर्घकाळ गाजला. पूर्वमीमांसा म्हणजे वेदातील विधिवाक्यांचा अर्थ कसा लावावा आणि त्यांतून कर्तव्य कसे निश्चित करावे याचे शास्त्र. जैमिनीची सूत्रे, त्यांवरचे शबरस्वामींचे भाष्य आणि त्या भाष्यावरची कुमारिल भट्ट व प्रभाकर यांची परस्परविरोधी विवरणे हा त्याचा गाभा आहे. हा प्रश्न यज्ञशाळेत जन्मला असला तरी त्याने तिथेच राहावे असे काही नाही. लोखंड, रबर आणि तेल यांच्या व्यवहारात तो पुन्हा उभा राहतो, आणि जुन्या मोटारसायकलच्या पुढच्या फोर्कची देखभाल हे त्याचे इतके स्वच्छ उदाहरण आहे की मीमांसकांच्या परिभाषेत त्याचा विचार करणे ओढूनताणून केल्यासारखे वाटण्याचे कारण नाही.

मीमांसकांनी विहित कर्माचे तीन वर्ग केले. जे ठरल्या वेळी करायचेच असते ते नित्य, जे काही घडल्यामुळे करावे लागते ते नैमित्तिक आणि जे काही हवे असल्यामुळे केले जाते ते काम्य. सकाळ-संध्याकाळचे अग्निहोत्र नित्य, पुत्रजन्मानंतर करायची इष्टी नैमित्तिक आणि पावसासाठी करायची कारीरी इष्टी काम्य होय. नित्यकर्माचा विशेष असा की ते केल्याने नवे काही पदरात पडत नाही. पण ते टाकले तर प्रत्यवाय लागतो, म्हणजे दोष जडतो. लोकमान्य टिळकांनी १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'गीतारहस्या'त कर्मविपाकाची चर्चा करताना ही विभागणी मराठी वाचकांपुढे सविस्तर मांडली, आणि वाईच्या प्राज्ञपाठशाळेच्या केवलानंद सरस्वतींनी 'मीमांसाकोशा'च्या खंडांतून या शास्त्राचे सगळे विचारधन एकत्र आणले. तेव्हा महाराष्ट्राला ही भाषा परकी नाही. फक्त तिचा उपयोग पोथीबाहेर करण्याची सवय राहिलेली नाही.

गाडीच्या बाबतीत हीच विभागणी सहज दिसते. टाकीला नवा रंग देणे, हँडलला आरसे बसवणे हे काम्य. पंक्चर काढणे, तुटलेली क्लचची तार बदलणे हे नैमित्तिक. आणि फोर्कमधले जुने तेल काढून नवे भरणे हे नित्य. रंगाचे कौतुक होते, पंक्चर काढल्याशिवाय गाडी पुढे जात नाही, पण फोर्कचे तेल बदलल्याचे कोणालाही दिसत नाही. ते न बदलल्याचेही पुष्कळ दिवस कोणालाही दिसत नाही, आणि प्रश्नाची अवघड जागा नेमकी हीच आहे.

चिचगड हे गोंदिया जिल्ह्याच्या देवरी तालुक्यातले, छत्तीसगडच्या सीमेजवळच्या जंगलपट्ट्यातले गाव. १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन गोंदिया जिल्हा झाला, तेव्हापासून ते गोंदियाच्या नकाशात आहे. पण धान, तलाव, मोह आणि लांब पावसाळा यांनी बांधलेली झाडीपट्टी ही त्याची खरी ओळख त्याहून पुष्कळ जुनी आहे. मुंबई-कोलकाता महामार्ग देवरीवरून जातो. त्या महामार्गाकडे येण्यासाठी, बाजारासाठी, दवाखान्यासाठी आणि तहसीलच्या कामासाठी अशा गावांतली माणसे ज्या वाहनावर विसंबली ते वाहन म्हणजे मोटारसायकल. जुन्या पिढीच्या गाड्या तीन घराण्यांच्या. १९५५ मध्ये मद्रासला सुरू झालेल्या कंपनीची बुलेट. मुंबईच्या रुस्तम इराणींनी चेकोस्लोव्हाकियाच्या कंपनीशी करार करून म्हैसूरला काढलेल्या कारखान्यातली जावा, जी १९७३ पासून येझदी या नावाने निघू लागली आणि १९९६ मध्ये कारखान्यासह थांबली. आणि पोलंडच्या एसएचएल गाडीवर आधारलेली, एस्कॉर्ट्स कंपनीची १७५ सीसीची राजदूत. दुधाचे कॅन, धानाची पोती आणि मागे बसलेली दोन माणसे वाहण्यासाठी गावोगाव जिचे नाव घेतले जाई ती राजदूतच.

या गाड्यांच्या पुढच्या चाकाला धरून ठेवणाऱ्या दुभंगी सांगाड्याला फोर्क म्हणतात आणि गॅरेजच्या बोलीत त्याच्या प्रत्येक पायाला शॉकअप म्हणतात. पहिल्या काळातील मोटारसायकलींना पुढे लोखंडी पट्ट्यांचा आणि उघड्या स्प्रिंगचा फोर्क असे. एका नळीत दुसरी सरकणारा आणि आत तेलाने आवरलेला फोर्क बीएमडब्ल्यू कंपनीने १९३५ मध्ये विक्रीच्या गाडीवर आणला आणि दुसऱ्या महायुद्धानंतर तो जगभर रूढ झाला. त्याची रचना समजून घेतल्याशिवाय पुढची चर्चा पोकळ राहील. वरचा चकचकीत पाइप हँडलखालच्या पट्ट्यांत घट्ट बसवलेला असतो. खालची जाड नळी, जिला मिस्त्री बॉटम म्हणतात, चाकाच्या एक्सलला जोडलेली असते आणि पाइपवर वर-खाली सरकते. आत लांब स्प्रिंग असते. खड्डा आला की स्प्रिंग दबते आणि धक्का पोटात घेते. पण स्प्रिंगला घेतलेले परत देण्याची घाई असते. तिला एकटे सोडले तर ती चाकाला खाली फेकते, पुन्हा दबते, पुन्हा फेकते, आणि चाक रस्त्याला धरून राहण्याऐवजी त्यावर नाचू लागते. तेलाचे काम इथे सुरू होते. पाइप हलताना तेलाला बारीक छिद्रांतून जबरदस्तीने जावे लागते, त्या ओढाताणीत धक्क्याची शक्ती उष्णतेत बदलते आणि स्प्रिंगची उसळी शमते. धक्का स्प्रिंग घेते आणि तेल तो पचवते, असे थोडक्यात म्हणता येईल. ते तेल आत ठेवण्याची जबाबदारी बॉटमच्या तोंडाशी बसवलेल्या एका रबरी कड्यावर, म्हणजे ऑइल सीलवर असते. तिचा पातळ ओठ पाइपला सर्व बाजूंनी चिकटलेला असतो आणि त्या ओठावर अख्ख्या फोर्कची मदार असते.

आता देखभाल टाकली असे समजू. पहिल्या वर्षी काही होत नाही. पावसाळ्यात चिखलाचे शिंतोडे पाइपवर वाळतात, उन्हाळ्यात मुरमाची धूळ सीलच्या ओठाशी जमते. पाइपवरच्या क्रोमच्या थराखाली कुठे तरी गंजाचा टाचणीएवढा खड्डा पडतो आणि प्रत्येक हालचालीत त्याची कड रबराला खरवडते. ओठातून आत पाणी शिरते आणि तेल दुधाळ होते. धातूच्या झिजेने ते करडे पडते आणि त्याला सडक्या मासळीसारखा वास येऊ लागतो. पुढे तेल बाहेर झिरपू लागते, पाइपवर धूळ-तेलाचा काळा लेप धरतो, एखाद्या गाडीत ते ओघळून ब्रेकच्या लाइनरपर्यंत पोहोचते. मग एखाद्या वळणावर, खड्ड्यात पुढचा ब्रेक दाबलेला असताना, चाक क्षणभर रस्ता सोडते. या घटनेचे कारण कोणते?

शंकराचार्यांचा आक्षेप इथे लागू पडतो. नित्यकर्म न करण्याने प्रत्यवाय उपजतो हे मीमांसकांचे म्हणणे त्यांनी गीताभाष्यात आणि तैत्तिरीय उपनिषदाच्या भाष्याच्या आरंभी खोडून काढले आहे. न करणे हा अभाव आहे. अभावातून भाव, म्हणजे नसलेल्यातून असलेले, निर्माण होऊ शकत नाही, असे छांदोग्य उपनिषदच सांगते. मग कर्म न केल्याने दोष कसा निर्माण होईल? नित्यकर्म टाकणे हे दोषाचे कारण नसून आधीच साचलेल्या दोषाचे लक्षण आहे, अशी त्यांची उपपत्ती आहे. मीमांसकांकडून याला आलेले एक उत्तर फार सूक्ष्म आहे: नित्यकर्माच्या वेळी माणूस ते न करता दुसरे काही तरी करतच असतो आणि प्रत्यवाय त्या दुसऱ्या करण्यातून येतो, अभावातून नाही. म्हणजे जगात निव्वळ न करणे नसतेच. हात एका कामावरून निघाला की दुसऱ्या कशावर तरी असतो.

फोर्कची साक्ष घेतली तर दोन्ही पक्ष अंशतः खरे ठरतात, आणि मीमांसकांकडे पारडे झुकते असे या लेखकाचे मत आहे. तेल न बदलण्याने पाइप झिजला नाही, हे शंकराचार्यांचे म्हणणे अक्षरशः खरे आहे. पाइप झिजला तो धुळीने, पाण्याने, घर्षणाने, आणि ही सगळी भावरूप कारणे आहेत. पण ही कारणे काम करत राहिली ती गाडी चालवली जात होती म्हणून. देखभाल थांबली तेव्हा वापर थांबला नव्हता. तेल टाकण्याच्या दिवशी गाडीवर पोते टाकले गेले, आणि झीज त्या पोत्याच्या फेरीतून आली. न्यायदर्शनाच्या पंडितांनी, म्हणजे नैयायिकांनी, याच्या जोडीला आणखी एक संकल्पना दिली आहे, ती प्रतिबंधकाची. अग्नी जाळतो, पण विशिष्ट मणी जवळ असेल तर जाळत नाही, या जुन्या उदाहरणावरून त्यांनी असे ठरवले की अडवणाऱ्या गोष्टीचा अभाव हाही कार्याच्या कारणसामग्रीचा एक भाग मानला पाहिजे. स्वच्छ तेल हा फोर्कमधला तो मणी आहे. धूळ, पाणी आणि घर्षण ही कारणे नेहमीच हजर असतात. मणी होता तोवर ती हात बांधून उभी होती.

वाहन आणि त्याचा नाश यांचा विचार करताना चरकसंहितेला वगळून पुढे जाता येत नाही, कारण विमानस्थानाच्या तिसऱ्या अध्यायात हाच विषय आला आहे, आणि तोही एका अक्षाच्या, म्हणजे गाडीच्या आसाच्या दृष्टान्ताने. माणसाचे आयुष्य आधीच ठरलेले असते का, आणि तसे असेल तर अकाली मरण हा शब्द तरी कसा वापरायचा, असा प्रश्न अग्निवेश या शिष्यापुढे आहे. गुरू आत्रेयांचे उत्तर असे की चांगल्या गुणांचा आस नीट वापरला तर झिजत झिजत आपल्या मापाच्या शेवटाला पोहोचतो आणि मगच संपतो. पण तोच आस अति ओझ्याने, खाचखळग्यांच्या वाटेने, वाट सोडून चालवल्याने, चाक मोडल्याने, हाकणाऱ्याच्या वा जनावराच्या दोषाने, खीळ निसटल्याने, वंगण न घातल्याने किंवा गाडी उलटल्याने मधेच मोडतो. पहिले कालमरण आणि दुसरे अकालमरण. या यादीत वंगण न घालणे हे ओझे आणि वाट यांच्या रांगेत, त्यांच्याच दर्जाचे कारण म्हणून आले आहे. चरकाला अभावाच्या कारणतेची दार्शनिक अडचण वाटली नाही. तो वैद्य होता आणि त्याने आस मोडलेला पाहिला असावा. दैव आणि पुरुषकार, म्हणजे आधीचे कर्म आणि आताचा प्रयत्न, या दोहोंच्या जोडीने आयुष्य ठरते हा त्याचा निष्कर्ष आहे. साठ वर्षांपूर्वीच्या गाडीच्या बाबतीत दैव म्हणजे कारखान्यात ओतलेले पोलाद, आणि पुरुषकार म्हणजे सूत्रस्थानात तोच चरक ज्याची अभ्यंगाशी, शरीराला तेल चोळण्याशी, तुलना करतो ते वंगण.

प्रत्यक्ष काम कसे होते ते जवळून पाहिले की मीमांसेची आणखी एक संज्ञा हाताशी येते, ती म्हणजे संस्कार. एखादी वस्तू तिच्या कामाला योग्य व्हावी म्हणून तिच्यावर जी क्रिया होते ती संस्कार, अशी शबरांची व्याख्या आहे. आणि संस्कार दोनच प्रकारे होतो, गुण घालून किंवा दोष काढून, असे शंकराचार्य ब्रह्मसूत्रभाष्यात सांगतात. गाडी मधल्या स्टँडवर घेऊन इंजिनाखाली लाकडी ठोकळा दिला जातो, पुढचे चाक आणि मडगार्ड उतरवले जाते. वरचा नट सोडताना मिस्त्री तोंड बाजूला ठेवतो, कारण त्याखाली दबलेली स्प्रिंग असते. खालचा ड्रेनचा स्क्रू काढल्यावर आधी करडे पाणी आणि मग गाळ येतो. फोर्क दोन-चार वेळा वर-खाली दाबून उरलेलाही काढायचा असतो. पाइप बाहेर आला की तो काचेच्या सपाट तुकड्यावर गोल फिरवून पाहतात. पाइप आणि काच यांमधली उजेडाची फट फिरताना कमी-जास्त झाली तर पाइप वाकलेला आहे. गंजाचे खड्डे नखाने तपासतात, कारण जे डोळ्याला दिसत नाही ते नखाला अडकते. इथपर्यंत दोष काढणे झाले. मग नव्या सीलच्या ओठाला तेल चोळून ती सरळ, एका रेषेत ठोकली जाते. तिरकी बसली तर ती पहिल्याच पावसात गळेल. मापाने मोजलेले तेल दोन्ही पायांत सारखे भरले जाते, आणि हे गुण घालणे होय.

शेवटच्या टप्प्यात एक बारकावा आहे, तो मुद्दाम सांगण्यासारखा आहे. चाक चढवून एक्सलचा नट आवळल्यानंतर बॉटमच्या टोकाचा आवळबोल्ट लगेच घट्ट करायचा नसतो. गाडी जमिनीवर घेऊन, पुढचा ब्रेक दाबून, हँडलवर भार देत फोर्क पाच-सात वेळा खाली-वर करायचा; दोन्ही पाय आपापली जागा शोधून समांतर होतात, आणि मगच तो बोल्ट आवळायचा. जो हे टाळतो त्याची नवी सील आणि नवे तेल असूनही फोर्क अडखळत चालतो. व्रीही, म्हणजे भात, कांडून सोलावा असा वेदविधी आहे. साल काढण्याचा हेतू नखांनी सोलूनही साधला असता, तरीही कांडूनच काढावी असे सांगण्याला मीमांसक नियमविधी म्हणतात, आणि त्या नियमाचे फळ अदृष्ट, म्हणजे दिसणाऱ्या फळापलीकडचे मानतात. गोंदियाच्या धानपट्टीत कांडण म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. गॅरेजातले नियम मात्र अदृष्टाचे नसतात. फोर्क दाबून मग बोल्ट आवळण्याचे फळ दिसण्याजोगेच असते, फक्त ते उशिरा दिसते. अदृष्ट म्हणून गणलेल्या कित्येक गोष्टी अशाच उशिरा दिसणाऱ्या असतील का, हा प्रश्न इथे विचारून ठेवण्यासारखा आहे.

जुन्या गाडीची खरी परीक्षा मात्र सुट्या भागांत होते. म्हैसूरचा कारखाना बंद झाल्याला तीन दशके होत आली, राजदूतही बनत नाही. त्यांची ऑइल सील मागायला गेले तर देवरीच काय, नागपुरातही ती हमखास मिळेल असे नाही. या अडचणीचा सर्वांत खोल विचार जैमिनीच्या सहाव्या अध्यायाच्या तिसऱ्या पादात आहे. नित्यकर्म सर्व अंगांसह जमत नसेल तर जमेल तेवढ्या अंगांनी करावे, पण सोडू नये. काम्यकर्म मात्र सर्व अंगे जमत असतील तरच हाती घ्यावे, असा तिथला सिद्धान्त आहे. या भेदामागे मोठी माणुसकी आहे. ज्याला फळ हवे आहे त्याने पूर्ण किंमत मोजावी. ज्याच्यावर कर्तव्य आहे त्याच्या गरिबीची दखल शास्त्र घेते. प्रदर्शनासाठी गाडी मूळ रूपात आणणाऱ्याने एकेक स्क्रू मूळचाच शोधला पाहिजे, कारण ते त्याचे काम्य आहे. चिचगडसारख्या गावात ज्याला उद्या त्याच गाडीवर आईला दवाखान्यात न्यायचे आहे, त्याने ठरलेले फोर्क ऑइल नसेल तर तेवढ्याच जाडीचे इंजिन ऑइल घालावे, आणि ताण मोजणारा पाना नसेल तर हाताच्या अंदाजाने आवळावे, पण तेल बदलल्याशिवाय राहू नये.

त्याच पादात प्रतिनिधीचा विचार आहे. मूळ द्रव्य मिळत नसेल तेव्हा त्याच्या जागी घ्यायचे द्रव्य म्हणजे प्रतिनिधी. भात न मिळाल्यास नीवार घ्यावा. नीवार म्हणजे न पेरता पाणथळीत उगवणारा रानभात, ज्याला मराठीत देवभात म्हणतात आणि शेजारच्या छत्तीसगडात पसहर म्हणतात. तो का, तर भाताशी त्याचे अवयव जुळतात म्हणून. प्रतिनिधीही संपला तर पुढचा पर्याय शोधताना तो प्रतिनिधीशी नव्हे, तर मूळ द्रव्याशी जुळणारा असावा, असेही मीमांसक सांगतात, आणि हा नियम प्रत्येक गॅरेजच्या भिंतीवर लिहावा इतका मोलाचा आहे. दुसऱ्या गाडीची सील मागच्या वेळी बसवली होती, आता तीही मिळत नाही. अशा वेळी निघालेल्या जुन्या सीलचे माप घेऊन तिसरी शोधणारा मिस्त्री चुकतो, कारण मागची सीलच थोडी सैल असेल तर तो सैलपणाची नक्कल करतो. माप घ्यायचे ते बॉटमच्या खाचेचे आणि पाइपच्या जाडीचे. बाहेरचा व्यास, आतला व्यास आणि उंची हे तिन्ही जुळले तर सीलवर कोणत्या गाडीचे नाव आहे याला महत्त्व नाही. काय चालणार नाही तेही शास्त्र सांगते: जे मुळातच निषिद्ध ते प्रतिनिधी म्हणूनही नको. खाद्यतेल दिसायला तेलच असते, पण फोर्कमध्ये ते चिकट होऊन छिद्रे बुजवते. एवढे मात्र नोंदवले पाहिजे की यज्ञाला निषिद्ध ठरलेल्या धान्यांत मीमांसकांनी कोद्रव, म्हणजे कोदो, धरला आहे, आणि याच जंगलपट्ट्यातल्या आदिवासींच्या पिढ्या कोदोवर जगल्या. द्रव्याची योग्यता त्याच्या कामावरून ठरवणाऱ्या शास्त्राने इथे ती रूढीवरून ठरवली, आणि हा त्याचा दोष झाकून ठेवण्याचे कारण नाही.

द्रव्याला प्रतिनिधी चालतो, पण क्रियेला चालत नाही, हे या विचाराचे टोक आहे. देवता, अग्नी, मंत्र आणि क्रिया यांच्या जागी दुसरे काही ठेवता येत नाही. जुनी वस्तू तीच राहते कशावरून, या प्रसिद्ध कोड्याला इथे निराळे वळण मिळते. पाइप बदलला, स्प्रिंग बदलली, सील तर दर काही वर्षांनी बदलणारच. तरी तेल काढणे, पुसणे, मोजणे, भरणे या क्रियांना पर्याय नाही, आणि गाडीचे सातत्य भागांत शोधण्यापेक्षा या क्रियांच्या सातत्यात शोधणे अधिक सयुक्तिक आहे. केंद्र सरकारने २०२१ मध्ये मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून विंटेज वाहनाची व्याख्या केली, ती याच्या उलट बाजूने जाते: पहिल्या नोंदणीला पन्नासहून अधिक वर्षे झालेले, चॅसी, बाह्यांग आणि इंजिन यांत मोठा बदल न झालेले वाहन ते विंटेज, आणि तशी नोंद झालेले वाहन रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही, प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, रॅली, इंधन भरणे आणि देखभाल एवढ्यासाठीच ते बाहेर पडू शकते. वारसा जपण्यासाठी हा नियम उपयोगी आहे यात शंका नाही. तरी कुमारिलांच्या मते संस्काराला पात्र ते द्रव्य, ज्याचा उपयोग झालेला आहे किंवा होणार आहे. उपयोगापासून तोडलेल्या वस्तूचा संस्कार त्यांना अपुरा वाटला असता. पन्नास वर्षांनंतरही रोज पोते वाहणारी गाडी त्या नियमात बसत नाही, पण तिच्या फोर्कवर होणारा संस्कार मात्र मीमांसेच्या व्याख्येत पुरता बसतो.

आता राहतो तो मूळ प्रश्न: फळ नसताना हे करायचे का? कुमारिलांचा पक्ष म्हणतो, प्रत्यवाय टळावा म्हणून. प्रभाकरांचा पक्ष याहून कडक आहे. विधीने सांगितले आहे एवढ्यानेच ते कर्तव्य ठरते आणि ते कर्तव्य हेच साध्य आहे, त्यापुढे कशाची अपेक्षा करू नये. अपघाताच्या भीतीने तेल बदलणारा कुमारिलांच्या बाजूचा, आणि गाडी आपल्याकडे आहे म्हणून बदलणारा प्रभाकरांच्या बाजूचा. यांपैकी प्रभाकरांचा पक्ष माणसाच्या अनुभवाला अधिक धरून आहे असे म्हणावेसे वाटते, कारण भीती विसरली जाते आणि खड्ड्यांच्या रस्त्यावरून दहा वेळा सुखरूप आल्यावर ती उरतही नाही. अग्निहोत्र जन्मभर करावे असे म्हटले आहे. हे जन्मभर असणे कर्माचा धर्म की कर्त्याचा, असा वाद जैमिनीने दुसऱ्या अध्यायात घातला आणि तो कर्त्याचा असा निर्णय दिला. कर्म रोज संध्याकाळी पुरे होते. बांधलेला राहतो तो माणूस. ज्याने अग्नी घरात आणला त्याच्यावर तो पोसण्याचे ओझे आले, आणि वार्धक्य किंवा मरण याशिवाय त्यातून सुटका नाही, असे ब्राह्मणग्रंथ सांगतात.

झाडीपट्टीला हे मीमांसेकडून शिकावे लागले नाही. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे शेकतात: जिथे वर्षभर जू टेकले त्या जागी हळद आणि तूप चोळतात, आणि दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचे आवतण त्यांना आदल्या दिवशीच दिले जाते. शिंगे रंगवणे, झूल घालणे हे नंतर येते. पहिला हात ओझ्याच्या जागेवर पडतो. मोटारसायकल खांदा हलवून दुखणे दाखवत नाही, म्हणून तिच्या ओझ्याच्या जागेकडे पाहण्याची आठवण माणसालाच ठेवावी लागते. दसऱ्याला हँडलला झेंडूची माळ घालणाऱ्या घरात त्याआधी फोर्कचा पाइप पुसला गेला असेल, तर त्या माळेला खांदशेकणीचाच अर्थ येतो.

निघालेल्या तेलाचे काय करायचे हाही कर्माचाच भाग आहे. काम झालेल्या द्रव्याची योग्य ठिकाणी रवानगी करणे याला मीमांसक प्रतिपत्तिकर्म म्हणतात. उपयोग संपला म्हणून वस्तू फेकून द्यायची नसते, तिची शेवटची जागाही विधीने ठरते. गावात जळके ऑइल वाळवी लागू नये म्हणून लाकडी खांबाला फासतात आणि उरलेले गॅरेजमागच्या मातीत ओततात. ज्या भागाचे पाणी तलावांत साठते आणि तेच पाणी धानाला जाते, तिथे ही रवानगी चुकीची आहे. वापरलेले तेल घातक कचऱ्यात मोडते आणि ते झाकणाच्या डब्यात साठवून पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांकडेच गेले पाहिजे. फोर्कच्या दोन पायांतून निघणारे तेल एका बाटलीत मावते. ती बाटली भरून बूच लावणे हे या सगळ्या कामातले सर्वांत लहान काम आहे, आणि नेमके तेच सर्वांत जास्त वेळा राहून जाते.

काम संपल्यावर पाइप कोरड्या फडक्याने पुसतात आणि गाडी चार-पाच किलोमीटर चालवून आणतात. परत आल्यावर सीलच्या वर, पाइपच्या चकचकीत भागावर, बोट फिरवून पाहायचे असते. बोट अगदी कोरडे निघाले तर ओठाला तेल पोहोचत नाही आणि रबर लवकर जळेल. थेंब लागला तर सील बसलेली नाही. बोटावर ओलसर चमक यावी, पण ती पुसायला फडके लागू नये. आषाढाचा पाऊस सुरू होण्याआधी हे एकदा पाहिले जाते, आणि भात कापणीला आला की पुन्हा एकदा.